जोगलटेंभीची नाणी आणि विश्वाची वाढ : दोन साक्षीदारांची गोष्ट

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक होती आणि ती सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. मात्र त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा नव्याने मारला होता. नहपानाच्या मुखावर चैत्याची आकृती, पाठीमागे उज्जयिनी चिन्ह, आणि त्या ठशाखालून कुठे नाक, कुठे ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावणारा.

पांडवलेणीतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा निर्वंश केला, असे ती त्यात सांगते. पण ती आई आहे, आणि हा लेख नातवाच्या राजवटीत कोरलेली पुत्राची प्रशस्ती आहे. प्रशस्तीवर एकट्याने विसंबायचे नसते. नाण्यांना मात्र कोणाची स्तुती करायची नव्हती. ती व्यवहारासाठी पाडली गेली आणि व्यवहारासाठीच पुन्हा ठोकली गेली. दोन साक्षीदार, दोघांचे हेतू वेगळे, आणि दोघांचे म्हणणे जुळते. म्हणून नहपानाचा पराभव आपण इतिहास म्हणून स्वीकारतो.

सातवाहनांवर स्वतंत्र धागा पुढे कधीतरी लिहीन. आजचा धागा अधिक लांबच्या भूतकाळाचा आहे, सुमारे १३८० कोटी वर्षांचा. या भूतकाळाचेही दोन साक्षीदार आहेत. अलीकडे काही वर्षे त्यांचे म्हणणे जुळत नव्हते, आणि त्यांची उलटतपासणी करणाऱ्यांत पुण्याची मंडळी आघाडीवर होती.

मूळ प्रश्न सोपा आहे. विश्वातले द्रव्य आज सर्वत्र सारखे पसरलेले नाही. ते दीर्घिकांत, दीर्घिकांच्या समूहांत, समूहांच्या लांबच लांब साखळ्यांत साचले आहे आणि मधल्या अफाट पोकळ्या रित्या आहेत. हे साचणे केव्हा सुरू झाले, किती वेगाने झाले आणि आज ते कुठवर आले आहे?

पहिला साक्षीदार अतिशय वृद्ध आहे. विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचे असताना ते इतके निवले की प्रकाश प्रथमच मोकळेपणाने प्रवास करू लागला. तो प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपाने आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून येतो. त्याचे तापमान सर्वत्र जवळजवळ एकच असून फरक आहे तो सुमारे १,००,००० भागांत एका भागाचा. या फरकांचा सर्वांत बारकाईचा नकाशा युरोपच्या प्लांक उपग्रहाने काढला, आणि २०१८ साली त्याचे अखेरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विश्वाच्या बाल्याचा हा समकालीन दस्तऐवज आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा दस्तऐवज क्वचितच मिळतो.

आता एक छोटे गणित करू. तेव्हापासून विश्व सुमारे १,१०० पट प्रसरण पावले. द्रव्याचे वर्चस्व असताना घनतेतला फरक ढोबळमानाने प्रसरणाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १,००,००० त एक हा फरक आज फार तर १०० त एक इतका व्हायला हवा होता. एवढ्याशा फरकातून आकाशगंगा तयार होत नाही, सूर्य तयार होत नाही आणि हा धागा वाचणारे आपणही तयार होत नाही. म्हणून प्रकाशाशी देवाणघेवाण न करणारे, आणि त्यामुळेच साचण्याच्या कामाला आधीपासून लागलेले असे दुसरे द्रव्य असले पाहिजे. हेच कृष्णद्रव्य. फ्रिट्झ झ्विकीने १९३३ साली कोमा दीर्घिकासमूहाच्या हालचालींवरून त्याचा सुगावा लावला होता. पण माझ्या मते त्याच्या बाजूचा सर्वांत डौलदार युक्तिवाद वरच्या त्रैराशिकात आहे.

या वाढीला विरोधही आहे. गेल्या काही अब्ज वर्षांत विश्वाचे प्रसरण वेग घेत चालले आहे. त्याचे कारण म्हणून जिला कृष्णऊर्जा म्हणतात ती साचण्याच्या प्रक्रियेला लगाम घालते. गुरुत्वाकर्षण ओढते, प्रसरण पांगवते. या ओढाताणीत आज कोण किती पुढे आहे, हे एका आकड्यात सांगण्याची खगोलशास्त्रज्ञांची रीत आहे. सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येचे गोल आकाशात ठिकठिकाणी कल्पावेत आणि एका गोलातले द्रव्य दुसऱ्यापेक्षा किती कमी-जास्त भरते ते पाहावे. या चढउताराला विश्वातील एकूण द्रव्याच्या प्रमाणाची जोड दिली की जो आकडा मिळतो, त्याला ‘एस-एट’ म्हणतात. प्लांकच्या बाल्यचित्रापासून निघून प्रचलित सिद्धांताने आजवरचा हिशेब केला, तर हा आकडा ०.८३ यावा. ही झाली पहिल्या साक्षीदाराची जबानी. ती थेट आजच्या विश्वाविषयी नाही. बालपण पाहून प्रौढपण वर्तवणारी आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे खुद्द आजचे, किंवा अलीकडचे, आकाश. पण त्याला बोलते कसे करायचे?

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे दीर्घिका मोजणे. त्यांची अंतरे काढायची, नकाशा मांडायचा आणि त्या किती घोळक्याने राहतात ते पाहायचे. २०१७ साली पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांच्या संशोधकांनी असाच एक नकाशा चाळताना मीन राशीच्या दिशेला दीर्घिकासमूहांचा एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. या शोधकर्त्यांपैकी सोमक रायचौधुरी यांनी तरुणपणी, १९८९ साली, शॅपली महासमूहाचा अभ्यास केला होता. अशा रचना सापडल्या की पहिला प्रश्न हाच पडतो, की इतके मोठे काही इतक्या लवकर उभे कसे राहिले.

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावच्या आसपास लांबून मोठ्या जाळीदार तबकड्या दिसतात, त्यांचाही या कथेशी संबंध आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडद परिसरात उभारलेल्या या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. दीर्घिका घडत होत्या त्या काळातील हायड्रोजनचे ढग शोधणे, हे तिच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक होते. शिवनेरीला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करावी, एवढेच सुचवतो.

पण दीर्घिका मोजण्याच्या पद्धतीत एक खोट आहे. रात्री पांडवलेणीच्या डोंगरावरून शहराकडे पाहिले तर दिव्यांचे पुंजके दिसतात. दिव्यांवरून वस्तीचा अंदाज येतो, पण दिवे म्हणजे माणसे नव्हेत. महामार्गावरच्या एखाद्या झगमगत्या हॉटेलात चार माणसे असतील आणि अंधारातल्या वाडीत चारशे. दीर्घिका या विश्वातल्या दिव्यांसारख्या आहेत. जिथे द्रव्य मुळातच दाट तिथेच त्या पेटतात, म्हणून त्या घोळका असतो त्याहून अधिक दाट भासवतात. किती अधिक, हे त्यांच्याकडेच विचारून कळत नाही. बलश्रीच्या लेखाचीच ही अडचण आहे. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण तो एका बाजूने झुकलेला असतो.

इथे नाण्यांची भूमिका गुरुत्वीय भिंग बजावते.

वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वाकतो. सूर्याच्या कडेला तो १.७५ विकला वाकेल, असे आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षतेचे भाकीत होते आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात ते पडताळले गेले. १९३७ साली झ्विकीने सुचवले की एखादी संपूर्ण दीर्घिका आपल्या मागच्या प्रकाशासाठी भिंगासारखी वागू शकेल. प्रत्यक्ष पुरावा यायला आणखी ४२ वर्षे जावी लागली. १९७९ साली एकाच क्वेसारच्या दोन शेजारी शेजारी प्रतिमा सापडल्या. मधल्या दीर्घिकेने प्रकाशाला दोन वाटांनी वळवले होते. या शोधानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि के. सुब्रमण्यन यांनी अशा भिंगांची गणिती प्रारूपे रचली. महाराष्ट्रातला हा वारसा तेव्हापासूनचा आहे, ही गोष्ट आपल्या लोकप्रिय विज्ञानलेखनात फारशी येत नाही.

दोन प्रतिमा दिसणे हा अपवाद. बहुतेक वेळा वाटेतले द्रव्य दूरच्या दीर्घिकेचा आकार अगदी किंचित, शेकडा एकाच्या आसपास, ताणते. अडचण अशी की दीर्घिका मुळातच कुणी लांबट, कुणी गोल, कुणी वाकडी असते. एकीकडे पाहून तिचा आकार मूळचा किती आणि ताणलेला किती, हे सांगता येत नाही. जोगलटेंभीच्या साठ्यातले नहपानाचे चेहरेही एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की ते एकाच माणसाचे आहेत का, अशी शंका अभ्यासकांना आली होती. एकच नाणे हाती आले असते तर ठसा मारणाऱ्याविषयी आपण किती बोललो असतो? हजारो नाणी हाती आली म्हणून बोलता आले. तसेच इथेही आहे. आकाशाच्या एका तुकड्यातील लक्षावधी दीर्घिकांची सरासरी काढली की त्यांचे जन्मजात वाकडेपण एकमेकांना खोडून काढते आणि मागे उरतो तो वाटेतल्या द्रव्याने एकाच दिशेने मारलेला ठसा. हा ठसा दिव्यांचा नसतो, वजनाचा असतो. त्यात कृष्णद्रव्यही मोजले जाते. संपूर्ण आकाशरचनेने उमटवलेला असा मंद ताण २००० साली चार वेगवेगळ्या गटांनी प्रथम टिपला.

मग दोन्ही पुरावे एकत्र आणायचे. दीर्घिका एकमेकींभोवती किती गोळा होतात, हे पहिले माप. त्याच दीर्घिका आपल्या मागच्या दीर्घिकांचे आकार किती ताणतात, हे दुसरे. पहिल्या मापात दीर्घिकांचा झुकाव दोनदा गुणला जातो, दुसऱ्यात एकदाच. म्हणून दोन्ही मापे शेजारी ठेवली की झुकाव किती ते हिशेबातून बाहेर काढता येते. मागच्या दीर्घिकांच्या आकारांतले परस्परसाम्य हे तिसरे माप, आणि त्यात हा झुकाव येतच नाही.

हवाई बेटांवरच्या मौनाकेआ पर्वतावर जपानची सुबारू दुर्बीण आहे. तिच्या आरशाचा व्यास ८.२ मीटर. तिच्यावरच्या ८७ कोटी पिक्सेलच्या हायपर सुप्रीम-कॅम या कॅमेऱ्याने २०१४ पासून आकाशाचे सर्वेक्षण केले. त्यातील पहिल्या काही वर्षांच्या निरीक्षणांत ४१६ चौरस अंश आकाश आणि सुमारे २.५ कोटी दीर्घिकांचे आकार होते. या सामग्रीवर आधारलेले निष्कर्ष एप्रिल २०२३ मध्ये पाच शोधनिबंधांतून एकत्रच प्रसिद्ध झाले. त्यांपैकी वरील तिन्ही मापे मांडणाऱ्या निबंधाचे प्रमुख लेखक होते आयुकाचे सुऱ्हुद मोरे. दोन्ही पुराव्यांच्या तिहेरी मापनाची कच्ची सामग्री म्हणजे हा निबंध.

पण या धाग्याचे खरे कारण त्यांचा निष्कर्ष नाही, त्यांनी स्वतःवर घातलेले बंधन आहे.

प्लांकचा ०.८३ हा आकडा सर्वांना ठाऊक होता. आपले उत्तर त्याच्या जवळ आले तर माणूस समाधानाने थांबतो; दूर आले तर चूक शोधत बसतो. दोन्ही परिस्थितींत आकडा नकळत अपेक्षेकडे सरकतो, आणि त्यात कोणीही लबाडी केलेली नसते. म्हणून या गटाने आकारांच्या एका यादीऐवजी तीन याद्या तयार केल्या. तिन्हींत ताणाचे प्रमाण वेगवेगळे करून ठेवले होते आणि खरी यादी कोणती हे विश्लेषण करणाऱ्यांना माहीत नव्हते. संपूर्ण हिशेब तिन्ही याद्यांवर करायचा. कृत्रिम आकाशावर पद्धत तपासायची. कोणत्या चाचण्या उत्तीर्ण झाल्यावर उत्तर उघडायचे, हे आधी ठरवायचे. आणि एकदा उघडले की मागे फिरायचे नाही.

उत्तर उघडण्यापूर्वीच त्यांच्यासमोर एक अडचण आली. अतिदूरच्या फिकट दीर्घिकांची अंतरे केवळ रंगांवरून काढलेली असतात, आणि ती अंदाजापेक्षा चुकत असल्याची चिन्हे दिसू लागली. दोन मार्ग होते. अंतरे बरोबर आहेत असे मानून नेमका दिसणारा आकडा द्यायचा. किंवा त्या अंतरांना हिशेबात मोकळे सोडायचे, म्हणजे आकडा ढिला होतो. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. अचूकतेचा काही भाग स्वतःच्या हाताने सोडून दिला. हे मला आकड्यापेक्षा मोलाचे वाटते.

डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर उघडले गेले. आकारांच्या साम्यावरून काढलेला एस-एट ०.७७६ आला, आजूबाजूला सुमारे ०.०३ ची अनिश्चितता. इतर मापांचे आकडेही ०.७६ ते ०.७८ च्या घरात होते. चिलीतून काम करणाऱ्या दोन स्वतंत्र सर्वेक्षणांनीही याआधी अशीच जबानी दिली होती : डार्क एनर्जी सर्व्हेचा आकडा ०.७७६, किलो-डिग्री सर्व्हेचा ०.७६६. म्हणजे बालपण पाहून जेवढे विश्व साचलेले असायला हवे होते, त्यापेक्षा प्रत्यक्ष विश्व थोडे कमी साचलेले दिसत होते. फरक मोठा नव्हता. योगायोगाने असा फरक पडू शकतो. पण तीन गट, तीन दुर्बिणी आणि तिघांचाही कल एकाच बाजूला. कृष्णद्रव्य आपण समजतो तसे नाही का? गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच काही राहून गेले आहे का? ‘आइनस्टाइन चुकला’ असे मथळे समाजमाध्यमांवर फिरू लागले ते याच सुमारास. निबंधांत तसे काही म्हटलेले नव्हते.

या टप्प्यावर जयंत नारळीकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही. १९८८ साली त्यांनी उभी केलेली आयुका आज महास्फोट-सिद्धांताच्या चौकटीत विश्वाची वाढ मोजते, आणि स्वतः नारळीकरांना ती चौकट शेवटपर्यंत पटली नव्हती. १९९३ साली हॉयल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिरस्थिती विश्वाचा पर्यायी सिद्धांत मांडला होता. पुराव्यांचे वजन त्यांच्या बाजूने पडले नाही, असे माझे मत आहे आणि बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांचेही तेच आहे. तरीही संस्थापकाला अमान्य असलेला सिद्धांत त्याच्याच संस्थेत वाढला, शिकवला गेला, तपासला गेला. महाराष्ट्रातील इतिहासविषयक संस्थांच्या कुंडल्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यातले दुर्मिळपण वेगळे सांगायला नको. आपल्याकडे निष्कर्ष आधी ठरतो, कागद नंतर सापडतो, आणि न जुळणारा कागद बनावट ठरतो. तीन बखरी पुढ्यात ठेवून, त्यांतली कोणती ‘आपल्या’ बाजूची आहे हे झाकून, कोणी कालनिर्णय करून पाहिला आहे का?

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये, या वादाला अनपेक्षित वळण मिळाले होते. किलो-डिग्री सर्व्हेने आपली संपूर्ण सामग्री, सुमारे १,३४७ चौरस अंश आकाश, नव्याने तपासून नवा आकडा दिला : ०.८१५. याच गटाचा जुना आकडा ०.७६६ होता. आता प्लांकशी त्यांचे भांडण जवळजवळ मिटले. कारण कोणते? आकाश अधिक होतेच. पण मुख्य सुधारणा दीर्घिकांच्या अंतरांच्या मापनात होती. सुबारूच्या गटाने ज्या ठिकाणी आपला आकडा ढिला सोडला होता, नेमकी तीच जागा.

म्हणून फरक मुळात नव्हताच, असे आज कोणी म्हणू लागले तर तेही घाईचे आहे. एका साक्षीदाराने जबानी सुधारली, बाकीच्यांची सुधारलेली जबानी त्याच्याशी ताडून पाहणे बाकी आहे. सुबारूच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या आकाशाचा मोठा भाग त्या ४१६ चौरस अंशांच्या बाहेर आहे. जुलै २०२३ मध्ये युक्लिड ही अवकाश दुर्बीण याच कामासाठी निघाली, आणि चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या पहिल्या प्रतिमा जून २०२५ मध्ये आल्या. तिथे दहा वर्षांचे सर्वेक्षण योजले आहे. तिथल्याही विश्लेषकांपुढे खरे उत्तर प्रथम झाकलेलेच असेल.